काटेवाले वाघमारे आणि न सापडलेला कण

दुकानात शिरल्यावर वाघमारेमामा मालाकडे बघत नसत आणि दुकानदाराकडेही नाही. त्यांची नजर जायची ती रिकाम्या काट्यावर. भाजीवाली असो, किराणा असो की सुताचा व्यापारी, काट्यावर काहीही ठेवलेलं नसताना तो काय दाखवतो हे बघून झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. शून्य येऊन स्थिरावलं की मग अर्धा किलो वांगी वगैरे. मी एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेलो होतो. तिथली एक ओळखीची भाजीवाली वैतागून म्हणाली, "मामा, येवढी वर्सं झाली, माज्यावर इस्वास न्हाय व्हय?" मामा काट्यावरची नजर न हलवता म्हणाले, "तुज्यावर हाय की. काट्यावर न्हाय. आन् तू बी ठिवू नकोस."

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मूळचे जेऊरचे. तरुणपणी कामाच्या शोधात सोलापुरात आले आणि एका काटेवाल्या उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्ताद दख्खनी बोलायचे. "पैले खाली काटा देख, बाद में माल देख," म्हणजे आधी रिकामा काटा बघ, मग माल, हे त्यांचंच वाक्य. सूतवाल्यांच्या दुकानांत वावरून मामांना कामापुरतं तेलुगूही यायला लागलं होतं. शाळा नववीत सुटलेली. घर बौद्ध वस्तीत, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि खाली फळीवर पितळी वजनांची लाकडी पेटी. त्या पेटीला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, असा दंडक होता. स्वतः मामाही वजन कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्याने उचलत. हाताचा घाम वजनाला लागतो आणि वर्षभरात तो काट्यावर दिसतो, हे त्यांचं म्हणणं.

आमची पहिली भेट माझ्या फजितीची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी तेव्हा इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. प्रयोगशाळेसाठी एक नवा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तरेकडच्या कारखान्यातून आला होता. एक किलोचं प्रमाण वजन ठेवलं की तो पाऊण ग्रॅमच्या आसपास कमी दाखवायचा. मी कंपनीला इंग्रजीत एक खरमरीत पत्र लिहून ठेवलं आणि पाठवण्याआधी स्थानिक माणसालाही एकदा दाखवू म्हणून मामांना बोलावलं.

ते आले, त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि रिकाम्या काट्यासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग स्वतःच्या पेटीतलं वजन ठेवलं. तेवढंच कमी. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "काटा बरोबर हाय सर. त्याचं गाव बदललंय."

तिकडं उत्तरेला लावलेला काटा इकडे आणला की कमी दाखवतो, हितलं वजन ठेवून त्याला पुन्हा लावून घ्यावं लागतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. गुरुत्वाकर्षण जागोजागी थोडंथोडं बदलतं, हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहून देत आलो होतो. परीक्षेत त्याला दोन गुण असत. पण टेबलावरचा काटा तेच सांगतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते पत्र मी मामा जायच्या आत फाडलं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "हितं कमी का वडतंय?" मी पृथ्वीचा विषुववृत्ताजवळचा फुगीरपणा, आपल्या गावाची उंची, सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "कळलं," म्हणाले. "पण वडतंय कोण?"

प्रश्न माझ्या पथ्यावर पडला असं मला वाटलं. मी उठलो आणि फळ्यावर तक्ता काढला. निसर्गातली चार बलं आणि ती वाहून नेणारे कण. चौथ्या रांगेत गुरुत्वाकर्षण, आणि त्याच्यापुढे ग्रॅव्हिटॉन. हा तक्ता मी डोळे मिटून काढू शकत असे.

"ह्यो चौथा कुणी पकडलाय?" मामांनी विचारलं.

"अजून नाही."

"आन् बाकीचे?"

"ते सापडलेत."

"मग चौघांना एकाच पंगतीत कशाला बसवलंय?"

मी म्हणालो की गणित तसं सुचवतं, बाकीच्या बलांना कण आहेत तर याचाही असणार, मोठमोठे लोक तसं मानतात. मामांनी मान हलवली. "माप बरोबर असंल की. पण शिक्का न्हाय." ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. काटा कितीही अचूक असला तरी वजनमापे खात्याचा निरीक्षक तो तपासून त्यावर शिक्का मारेपर्यंत बाजारात वापरता येत नाही. बरोबर असणं वेगळं आणि तपासलेलं असणं वेगळं. मामांच्या तोंडी हे वाक्य सगळीकडे चालायचं. निवडणुकीतली आश्वासनं, स्थळाबद्दल मध्यस्थाने सांगितलेली माहिती, डॉक्टरांचा पहिला अंदाज, सगळ्याला एकच उत्तर. खरं असंल, पण शिक्का न्हाय.

मला त्या दिवशी राग आला होता, हे कबूल करतो. नववी शिकलेल्या माणसाने माझ्या तक्त्यातली एक रांग पुसली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो तक्ता नेहमीसारखाच काढला, उलट चौथी रांग जरा ठसठशीत लिहिली.

पण मामांनी माझा पिच्छा सोडला नाही. मी निवृत्त होऊन जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला, तेव्हा ते आपल्या खडखडत्या मोपेडवरून महिन्यातून एक-दोनदा येऊ लागले. आधी स्वयंपाकघरातला छोटा काटा तपासायचे, मग बसायचे. अवकाशातून आलेल्या गुरुत्वलहरी यंत्रांनी टिपल्याची बातमी पेपरात आली, त्या दिवशी तर सकाळीच कात्रण घेऊन हजर झाले. "सापडला म्हनं, सर." मी सांगितलं, लहर सापडली आहे, कण नाही. तळ्यात लाट उठलेली दिसली म्हणून पाण्याचा एकेक थेंब दिसला असं होत नाही. एकट्या कणाची ताकद इतकी नगण्य असणार की पृथ्वीएवढं यंत्र केलं तरी तो त्यात क्वचितच अडकेल, काहींच्या मते कधीच नाही. आणि काही जण तर म्हणतात की असा कणच नाही, गुरुत्वाकर्षणाची जातच निराळी आहे.

मामांनी कात्रणाची घडी घातली. "म्हंजे त्याला मोजायला काटाच बनत न्हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खेद होता. ज्याला काटा नाही अशी वस्तू जगात असू शकते, ही गोष्ट त्यांना पटायला जड गेली असावी.

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं. प्रज्ञा ही मामांच्या मुलीची मुलगी. तिचे वडील लवकर गेले. आई एका दवाखान्यात आयाचं काम करायची आणि मायलेकी मामांकडेच राहायच्या. पोरगी हुशार होती, बोलायला कमी. इथेच भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच. डी.साठी तिने अर्ज केला. लेखी परीक्षा पास झाली. मुलाखत तेवढी राहिली होती. त्या घरातून संशोधनाच्या दारापर्यंत पोचलेली ती पहिलीच. जागा मिळाली तर शिष्यवृत्तीवर पाच वर्षं शिकता येणार होतं. नाही मिळाली तर कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवावं लागलं असतं, तशी बोलणीही झाली होती.

दोन महिने मी तिची तयारी घेतली. माझी पद्धत जुनी. दोनशे प्रश्न, दोनशे उत्तरं, आणि उत्तर देताना अडखळायचं नाही. गुरुत्वाकर्षण वाहणारा कण कोणता? ग्रॅव्हिटॉन. वस्तुमान शून्य, स्पिन दोन. पुढचा प्रश्न. मामा दिवाणावर बसून ऐकत असायचे आणि या प्रश्नाला दर वेळी खिडकीबाहेर बघायचे. पुण्याला जायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "जे म्हाईत न्हाय ते म्हाईत न्हाय म्हन. लाजू नगस." हे मला नंतर कळलं.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. गुरुत्वाकर्षणाला कण आहे का? प्रज्ञाने सांगितलं, माहीत नाही, अजून कुणालाही सापडलेला नाही. समोरच्या तिघांपैकी एक बाई हे ऐकून खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांना उत्तर आवडलं होतं. त्यांनी विचारलं, "ठीक. मग तुम्ही कसा शोध घ्याल?" आणि प्रज्ञाजवळ पुढचं काही नव्हतं. त्यांनी वाट पाहिली, प्रश्न सोपा करून विचारला, आणखी वाट पाहिली. यादीत तिचं नाव आलं नाही.

मी तिरमिरीत मामांच्या घरी गेलो. मी म्हणालो, "मामा, तुमच्या त्या शिक्क्यापायी पोरीचं वर्ष गेलं. मी सांगितलेलं उत्तर दिलं असतं तर आज ही पुण्यात असती." हे बोलताना मला मनातल्या मनात थोडं समाधानही वाटत होतं, ते मी लपवत नाही. मामा मान खाली घालून बसले होते. उत्तर दिलं ते प्रज्ञाने, स्वयंपाकघराच्या दारातून.

"सर, तुमचं उत्तर दिलं असतं तरी मी अडकलेच असते. त्यांनी विचारलं असतं, कशावरून? तेही मला कुठे येत होतं?"

मग मामा म्हणाले, "चूक माजीच हाय. काटा चुकतोय येवढंच सांगून मी आजपातुर कुणाच्या दुकानातनं उठून आलोय का? काटा खोलून, नीट करूनच उठलो की. आन् पोरीला मात्र निम्मंच काम शिकवलं."

मी त्यांना इतक्या वर्षांत चूक कबूल करताना पहिल्यांदाच ऐकत होतो. मला माझ्या दोनशे उत्तरांची लाज वाटली. ती मी बोलून दाखवली नाही, त्यांनी त्यांची दाखवली, एवढा फरक.

क्लासची नोकरी प्रज्ञाने धरलीच, पण अर्ज पुन्हा करायचा असं ठरलं. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं माझ्याकडे बसू लागलो. या वेळी उत्तरं नव्हती, एकच प्रश्न होता. तो कण पकडता येत नसेल तर त्याचा माग लावायचा कसा? मामांनी आपल्या धंद्यातून सुरुवात केली. मोहरीचा एक दाणा काट्यावर उमटत नाही, मग शंभर ठेवायचे आणि भागायचं. प्रज्ञा म्हणाली, "आबा, शंभर दाणे आहेत हे आधी माहीत असेल तर. इथे दाणे आहेत की रस आहे, हेच कळत नाही." मामांनी ते चटकन मान्य केलं. वाद जिंकायची हौस त्यांना नव्हती.

मग प्रज्ञाने अलीकडे निघालेली एक कल्पना वाचून आणली. दोन अतिसूक्ष्म गोळ्या घ्यायच्या. पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटमच्या, नियमांनुसार प्रत्येक गोळी एकाच वेळी दोन जागी असल्यासारखी ठेवायची. दोघींमध्ये गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरा कुठलाही संबंध राहू द्यायचा नाही. तरीही त्या एकमेकींशी पुंजपद्धतीने बांधल्या गेल्या, तर मधला दुवाही त्याच जातीचा असला पाहिजे. कण हातात येणार नाही, पण त्याच्या असण्याला मोठा आधार मिळेल. मला हे समजायला तीन मंगळवार लागले. मामांनी आपल्या परीने दुसऱ्याच मंगळवारी सांगितलं, "म्हंजे निरोप्या दिसला न्हाय तरी निरोप पोचला की न्हाय ते बघायचं."

"तेच," प्रज्ञा म्हणाली.

"पण निरोप त्यानंच दिला कशावरनं? मधी दुसरं कोन शिरलं न्हाय कशावरनं?" आणि मामा बोटांवर मोजू लागले. वारा. ताप, म्हणजे उष्णता. रस्त्यावरनं जाणाऱ्या ट्रकचा हादरा. गोळीवर चिकटलेली वीज, थंडीत लोकरीवर असते तशी. मागे एका सराफाचा काटा रोज दुपारी चुकायचा, तो शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे, हे शोधायला त्यांना आठ दिवस लागले होते. प्रज्ञा भराभर लिहून घेत होती. पुढे तिने वाचून पाहिलं तेव्हा कळलं की तो प्रयोग जगात अजून कुणाला जमलेला नाही आणि त्यात आडवं येतंय ते जवळजवळ हेच सगळं. त्या मंगळवारनंतर मधे शिरणाऱ्या प्रत्येकाला बाहेर कसं ठेवायचं यावर ती महिनोन्‌महिने काम करत राहिली. एकेक अडचण घेऊन यायची, मी गणित तपासायचो, मामा खोट काढायचे. माझ्या शिक्षकी आयुष्यातला चांगला काळ कोणता असं कुणी विचारलं, तर मी निवृत्तीनंतरचे हे मंगळवार सांगीन.

त्या हिवाळ्यात मामांची मूत्रपिंडं बिघडली. ते दर सोमवारी स्वतःचं वजन करायचे, अर्थात आधी रिकामा काटा बघून, आणि मंगळवारी मला आकडा सांगायचे. गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसा त्यांचा आवाज असायचा. "दीड किलो उतरलं." त्यात तक्रार नसायची. मला मात्र ते आकडे ऐकवत नसत. मी विषय बदलायचो आणि ते बदलू द्यायचे.

दुसऱ्या मुलाखतीची तारीख आली तेव्हा मामा दवाखान्यात होते. प्रज्ञा जायला तयार होईना. तिला वाटत होतं, आपण तिकडे असताना आबांचं काही झालं तर? मामा तिला एवढंच म्हणाले, "हितं बसून तू माजं वजन वाढवनार हायेस का? जा." ती गेली.

त्यानंतर चार दिवसांनी मामा गेले. त्या चार दिवसांतली एक दुपार सांगायची राहिली आहे. प्रज्ञाचा पुण्याहून मला फोन आला. निवड झाली होती. संस्थेतलं नाव नोंदवण्याचं काम उरकून ती दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी स्कूटर काढून थेट दवाखान्यात गेलो. मामा उशीला टेकून पडले होते, डोळे उघडे. मी म्हणालो, "मामा, प्रज्ञा निवडली गेली." वाटलं होतं, चेहरा फुलेल. ते म्हणाले, "काय इचारलं?"

मी फोनवर ऐकलेलं सगळं सांगितलं. तोच प्रश्न आला, आणि या वेळी तो तिनेच ओढून आणला होता. माहीत नाही म्हणाली. मग कसा शोध घ्याल म्हणाले, तर अर्धा तास बोलली. वारा, ताप, हादरे, वीज, सगळं फळ्यावर मांडलं. मामा डोळे मिटून ऐकत होते, मधूनच मान हलत होती. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं.

"शेवटी मागच्या वेळच्या त्या बाईंनी आणखी एक विचारलं," मी म्हणालो. "सगळं आयुष्य घालवलंत आणि काहीच सापडलं नाही तर काय कराल?"

मामांनी डोळे उघडले. "मग? काय म्हनली?"

"म्हणाली, कुठे कुठे आणि कसं कसं बघितलं ते नीट लिहून ठेवीन. पुढे येणाऱ्याला निदान तिथे पुन्हा बघावं लागणार नाही."

मामांनी माझ्याकडे मान वळवून विचारलं, "ह्ये तुमी शिकवलं तिला?"

"नाही," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही."

"म्या न्हाय," मामा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हसले.